वाजंत्री, बँडवाला, वादक

आमच्या घरात, आतल्या खोलीच्या कोपऱ्यात, एक लाकडी खोके उभे आहे. चार फूट उंच, दोन फूट रुंद, आणि वजन म्हणाल तर दोन गडी लागल्याशिवाय जागचे हालत नाही. गेली वीस वर्षे त्याच्यावर कधी तुरीचे पोते असते, कधी पाहुण्यांच्या गाद्या असतात. परवा श्रावणात भंगारवाला दाराशी आला, तेव्हा मुलगा म्हणाला, "बावा, हे खोकं देऊन टाकू काय? जागा तरी मोकळी होईन."

मी काही बोललो नाही. भंगारवाला दुसऱ्या दारी गेला. मुलगा रागावला नाही, पण त्याला नवल वाटले असावे. त्याच्या लेखी ते खोके म्हणजे जुने लाकूड. आमचे घर तीन पिढ्यांत ज्या तीन पायऱ्या चढून वर आले, त्यांतली शेवटची पायरी म्हणजे हे खोके, हे मी त्याला कधी सांगितलेच नव्हते. बापलेकांत अशा गोष्टी बोलण्याची आपल्याकडे रीत नाही. म्हणून म्हटले, दिवाळीच्या निमित्ताने लिहूनच काढावे.

आमचे किन्हीराजा हे गाव नागपूरहून संभाजीनगरकडे जाणाऱ्या जुन्या हमरस्त्यावर, शेलूबाजार आणि मालेगाव यांच्या दरम्यान वसलेले आहे. हे मालेगाव आमच्या वाशीम जिल्ह्यातले, नाशिकचे नव्हे. १९९८ साली वाशीम जिल्हा वेगळा झाला, तोवर आम्ही अकोला जिल्ह्यात मोडत होतो. वऱ्हाडात माणसे एकमेकांना 'राजेहो' म्हणून हाक मारतात. आमच्या गावाच्या तर नावातच राजा आहे. पण वाजवणाऱ्या माणसाला कोणी 'राजा' म्हटल्याचे मी प्रथम ऐकले, तेव्हा माझी तिशी जवळ आली होती. ती हकीकत पुढे येईलच.

माझा आजा डफडे वाजवी. लग्न ठरले की सनईवाला, त्याच्या शेजारी नुसता एक सूर धरून बसणारा सूरवाला, संबळवाला आणि डफडेवाला असा संच मांडवाच्या बाहेर, उन्हात किंवा फार तर निंबाच्या सावलीत बसे. मेहनताना म्हणजे पायली-दोन पायली ज्वारी, एखादे धोतर आणि पंगती उठल्यावर उरलेले अन्न. यातली मौज अशी, की वाजविल्यावाचून मांडव शुभ होत नसे, आणि वाजवणारा आत आला तर तोच मांडव विटाळत असे. आमचा सूर आत जाई, आम्ही बाहेर राहत असू. आजाने या गोष्टीबद्दल तक्रार केल्याचे मला आठवत नाही. तक्रार करावी अशी ती गोष्ट आहे, हेच त्याच्या पिढीला कोणी सांगितले नव्हते.

मग कोणीतरी सांगितले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात लाखो लोकांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यानंतर वऱ्हाडातल्या कितीतरी गावांत लोकांनी गावकीची कामे टाकली, आणि त्या कामांबरोबर गावासाठी वाजविणेही टाकले. आमच्या घराने दीक्षा घेतली नव्हती. पण वारा काही एकाच आळीत वाहत नाही. आजी सांगे, त्या वर्षी आजा रात्ररात्र अंगणात बसून राही. म्हणे, "वाजवणं सोडलं तर खावं काय, आन् वाजवलं तर पोराले तोंड कसं दाखवू?"

या पेचातून वाट काढली ती माझ्या वडिलांनी. ते बँडमध्ये गेले.

बँड ही मुळात पलटणीची चीज. इंग्रजांच्या पलटणींबरोबर क्लॅरिनेट, ट्रम्पेट, युफोनियम आणि साइड ड्रम या देशात आले. नागपूरशेजारच्या कामठीची छावणी तर १८२१ पासूनची. पलटणीतले बँडचे शिक्षण घेतलेली माणसे बाहेर पडली, संस्थानिकांकडे राहिली, शहरांत आपले संच काढून बसली. मेरठला १८८५ साली नादिर अली नावाच्या अशाच एका बँडमास्तरांनी धंदा उभा केला, आणि पुढे पितळी वाद्ये घडविणारे गाव म्हणून मेरठ देशभर नावाजले. लग्नाच्या वरातीपुढे जाणारा बँड हा असा पलटणीचा दूरचा नातलग आहे. म्हणूनच त्याच्या अंगात लाल कोट, खांद्यावर सोनेरी झुपके आणि डोक्यावर तुरा असतो.

वडिलांना डफड्याची काठी ठाऊक होती, म्हणून त्यांच्या गळ्यात साइड ड्रम आला. वैशाखाच्या उन्हात तो जाड कोट घालून ते मैलमैल चालत. घरी आले की आई त्यांच्या पाठीवर थंड पाण्याचे फडके ठेवी. मी एकदा विचारले, "बावा, एवढ्या उन्हात कोट कायले घालता?" ते म्हणाले, "कोट अंगात असला की लोक 'ए' म्हणत नाहीत, 'बँडवाले' म्हणतात." कोट मालकाचा होता. वरात संपली की घडी करून परत द्यावा लागे. पण वरातीचे ते चार तास वडील 'ए' नव्हते. ही आमची पहिली पायरी.

याच बँडने 'नागिन' चित्रपटातली पुंगीची धून वऱ्हाडात घरोघर पोचविली. हा चित्रपट १९५४ सालचा. त्यातली पुंगी कोणा गारुड्याची नव्हे. कल्याणजींनी ती क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेच्या पेटीवर वाजविली आणि रवी यांनी हार्मोनियमची साथ केली. हे क्लॅव्हिओलिन फ्रान्समधल्या कॉन्स्टंट मार्टिन यांनी १९४७ साली बनविलेले. फ्रान्सची पेटी मुंबईत नाग डोलविते, आणि ती ऐकून आमचा क्लॅरिनेटवाला मातीत गुडघे टेकून वराच्या मित्रांना डोलवितो! वाद्यांना सरहद्द ठाऊक नसते, वाजवणाऱ्यांना तेवढी असते.

मी १९६९ साली, सतराव्या वर्षी, या धंद्यात पडलो तो बँजो घेऊन. आमच्याकडे ज्याला बँजो म्हणतात तो अमेरिकेतला बँजो नव्हे. पुस्तकात त्याला बुलबुलतरंग असे गोड नाव आहे. लांबट पेटी, वर तारा, आणि तारांवर टंकलेखन यंत्रासारखी बटणे. डाव्या हाताने बटण दाबायचे की तार तेवढ्या जागी दबते आणि सूर बदलतो. उजव्या हाताने चपट्या नखीने तार छेडायची. हे वाद्य जपानी आहे. नागोया शहरातल्या मोरिता गोरो यांनी ते १९१२ साली बनविले. त्याच वर्षी जपानात ताइशो बादशहाची कारकीर्द सुरू झाली, म्हणून त्याचे तिकडचे नाव ताइशोगोतो. तेथून ते हिंदुस्थानात आले. बलुचिस्तानात 'बेंजू' होऊन ते लोकगीतांत मिसळले आणि आमच्याकडे बँजो होऊन वरातीत शिरले. स्वस्त, हलके, आणि ज्याला गुरू नाही त्यालाही महिन्याभरात गाणे काढता येईल असे. गरिबाने हात धरावा असे याहून सोयीचे वाद्य कोणते?

गाणी मात्र कोठून शिकायची? १९५२ साली माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झालेले बाळकृष्ण केसकर हे शास्त्रीय संगीताचे कैवारी; त्यांच्या काळात आकाशवाणीवर चित्रपटगीतांना ओहोटी लागली आणि सारा देश रेडिओ सिलोनकडे कान लावून बसला. १९५७ साली विविध भारती निघाली तेव्हा ती गाणी घरी परतली. मी शिकलो तेव्हा दोन्ही केंद्रे लागत. पण गाणे एकदा वाजून जाई, आणि ते धरून ठेवायला टेप कोणाकडे होता! आम्ही तिघे मित्र चहाच्या टपरीवर बसून कामाची वाटणी करीत असू. एकाने मुखडा लक्षात ठेवायचा, दुसऱ्याने मधले वाद्यसंगीत, तिसऱ्याने अंतरा. मधले तुकडे माझ्याकडे असत. गाणारे कोण हे निवेदक सांगे, संगीतकार कोण हेही सांगे. पण ते तुकडे वाजवणारे कोण, हे मात्र कोणी कधी सांगितले नाही.

ते कळायला मला पुष्कळ वर्षे लागली. ते बहुतेक गोव्याचे होते. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवीत. ती मुले पोटासाठी मुंबईला आली. १९३५ साली लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकाने मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आपला जॅझ संच आणला. त्या काळातल्या अशा संचांचे वादन ऐकत आमच्या गोमंतकीयांची एक पिढी तयार झाली. हळदोण्याचे अँटोनियो झेवियर वाझ हे 'चिक चॉकलेट' या नावाने ट्रम्पेटसाठी प्रसिद्ध झाले. हॉटेलात लोक खात-पीत, नाचत, आणि हे एका बाजूला उभे राहून वाजवीत. पुढे मुंबई राज्यात १९४९ च्या कायद्याने दारूबंदी आली, हॉटेलातल्या मैफली ओसरल्या, आणि या वादकांना चित्रपटांच्या स्टुडिओंनी पोसले. पुणतांब्याला जन्मलेले आणि काही काळ नागपुरात गाणे शिकलेले आमचे सी. रामचंद्र यांनी त्यांची कदर केली. १९५१ च्या 'अलबेला'त चिक चॉकलेट यांचा ट्रम्पेट आहे.

पण पडद्यावर नावे येत ती संगीतकाराची आणि गीतकाराची, वाजवणाऱ्यांची क्वचितच. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात हिंदी राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालणारा कार्यक्रम केला. त्यांचे नाव सगळ्या देशाच्या तोंडी झाले ते १९७७ साली, त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी एका गाण्यातल्या पात्राच्या रूपाने ते अमर केले तेव्हा. आजही ते गाणे लागले की लोक टाळ्या पिटतात, आणि तो खरोखरीचा माणूस होता हे ऐकून चकित होतात. हे वाचले तेव्हा मला आजाचीच आठवण झाली. सूर आत, माणूस बाहेर. ताजमहाल हॉटेल काय नि किन्हीराजाचा मांडव काय!

आता खोक्याकडे येतो.

१९८१ च्या सुमारास आमच्या पार्टीचा 'ऑर्केस्ट्रा' झाला. म्हणजे काय झाले, तर वरातीत चालण्याऐवजी आम्ही चौरंग मांडून, पाठीमागे पडदा लावून वाजवू लागलो, आणि सुपारीची रक्कम थोडी वाढली. सुपारी म्हणजे आमच्या धंद्यात कार्यक्रमाचा ठराव. विडासुपारी देऊन तो पक्का करीत, त्यावरून हे नाव. ऑर्केस्ट्रा म्हटल्यावर बेस गिटार हवी, असे आमच्या मास्तरांचे मत पडले. मी नागपूरहून कलकत्ता बनावटीची एक वापरलेली बेस घेऊन आलो. दोन हंगामांची कमाई तीत गेली.

बेस गिटारची कूळकथा थोडक्यात सांगतो. जुन्या वाद्यवृंदात खर्जासाठी माणसाएवढे उंच डबल बेस असे. ते नेण्याआणण्याची पंचाईत, आणि ट्रम्पेटच्या कल्लोळात ते ऐकूही येत नसे. अमेरिकेतल्या लिओ फेंडर नावाच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांनी १९५१ साली यावर तोड काढली. गिटारीसारखीच भरीव लाकडाची, पण लांब दांड्याची आणि चार जाड तारांची बेस त्यांनी बाजारात आणली. तारांखाली लोहचुंबक, आणि चुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांत वीज थरथरते, आणि ती मशीनने वाढवून कर्ण्यातून बाहेर काढायची. अॅम्प्लिफायरला आमच्याकडे 'मशीन' म्हणतात.

पहिली सुपारी होती दहा कोसांवरच्या एका गावी. मी नवा सदरा घातला, बेस गळ्यात अडकवली, तिची पिन मशीनला लावली, आणि मशीनला जोडला आमचा नेहमीचा पत्र्याचा भोंगा. तबला सुरू झाला, बँजो सुरू झाला, मी जीव तोडून वाजवू लागलो. आणि भोंग्यातून नुसते 'टक टक' असे काहीतरी आले. कोंबडी दाणे टिपते तसे! वराकडचा एक पोर म्हणाला, "काका, तुमची गिटार मुकी हाये काय?" सगळा मांडव हसला. मीही हसलो, पण परत येताना जीपमध्ये कोणाशी बोललो नाही.

दोष गिटारीत नव्हता, भोंग्यात होता. बेसची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा थरथरते. भोंगा बनलेला माणसाचे बोलणे दूर फेकायला. दोन-तीनशेच्या खालची कंपने त्याच्या पत्र्याच्या गळ्यातून उतरतच नाहीत. खर्जाला हवा ढकलणारा मोठा कागदी पडदा लागतो आणि त्याच्यामागे बंद खोके लागते. हे मला अकोल्याच्या एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने चहा पाजून समजावून सांगितले, आणि पंधरा इंची स्पीकर उधारीवर दिला.

खोके बांधले आमच्या गावच्या सुतारमामांनी. प्लायवूड परवडत नव्हते, म्हणून पडक्या वाड्याच्या दारांच्या सागवानी फळ्या घेतल्या. रेडिओवाल्याने सांगितले होते की आतून मऊ अस्तर लाव, नाहीतर आवाज घुमेल. वऱ्हाडात मऊ म्हणजे काय, हे सांगायला नको. जिनिंगमधून सरकी काढलेली रुई आणली आणि गादी भरावी तशी आतून लावली. मामा म्हणाले, "आतापर्यंत पाळणे केले, तिरड्या केल्या, आवाजाले गादी पहिल्यांदाच केली!" मजुरी त्यांनी घेतली नाही. मुलीच्या लग्नात वाजवायचे, एवढे कबूल करून घेतले.

त्याच लग्नात हे खोके प्रथम वाजले. मी जाड तार सोडली, आणि मांडवाच्या कडेला रचलेल्या पितळी परातींनी एकदम झणकार दिला. लहान मुले चपापली. वराचे ऐंशी वर्षांचे आजोबा पुढे बसले होते. त्यांनी छातीवर हात ठेवला आणि गाणे संपेपर्यंत काढला नाही. मला वाटले, म्हाताऱ्याला काही झाले की काय! मी धावत खाली उतरलो. ते म्हणाले, "हे काय वाजवून रायला रे राजा? कानात येत नाही, इथं छातीत येते." मग माझे मनगट धरून त्यांनी मला पंगतीत आपल्या शेजारी बसविले. मी कोण, कोणाचा नातू, हे त्यांना पक्के ठाऊक होते. त्यांच्याच अंगणात, मांडवाबाहेर, माझ्या आजाने डफडे वाजविले होते.

त्या दिवशी मी काय जेवलो ते आठवत नाही. वडील बँड सोडून घरी बसले होते. त्यांना जाऊन सांगितले, तर ते बराच वेळ गप्प राहून एवढेच म्हणाले, "कोट घातला होता काय?" मी म्हणालो, "नाही, साधा सदरा." त्यांनी मान हालविली.

नवे वाद्य आले म्हणून जात गेली, असे म्हणण्याइतका मी भोळा नाही. पंगती एक झाल्या त्या माणसे लढली म्हणून, कायदे झाले म्हणून, पोरे शिकली म्हणून. पण आजाच्या डफड्याला चिकटलेला शिक्का बँडच्या पितळेला नव्हता, जपानी बँजोला नव्हता आणि अमेरिकी बेसला तर नव्हताच. ही वाद्ये कोणाच्या जातीची नव्हती. ती हाती घेतली की घटकाभर आम्हीही कोणाच्या गावकीचे नसू. हार्मोनियमसारख्या परक्या पेटीलासुद्धा आकाशवाणीने १९४० साली हद्दपार केले होते आणि १९७१ पर्यंत दार बंद ठेवले होते. वाद्यांनाही बाहेर बसावे लागते. म्हणूनच बहुधा ती आमच्यासारख्यांजवळ येतात.

पुढची पंचवीस वर्षे या खोक्याबरोबर गेली. एस.टी.च्या टपावर, बैलगाडीत, ट्रॅक्टरवर ते हिंडले. बेसच्या तारा वाशीमला मिळत नसत, म्हणून जुन्या मळलेल्या तारा उकळत्या पाण्यात घालून पुन्हा चमकदार करीत असे. एकदा सायकलच्या ब्रेकची तार लावून पाहिली. तिने सूर दिला नाही, बोट मात्र कापले. मशीनींना अर्थिंग नसे. हात तारांवर आणि ओठ माइकला लागले की असा झटका बसे, की गाणे राहिले बाजूला, तोंडून निराळेच शब्द निघत. दारू प्यालेली वऱ्हाडी मंडळी एकच गाणे दहादा वाजवायला लावीत. पण पहाटे निघताना त्यांच्यातलाच कोणी खोके उचलायला हात लावी.

मग डी.जे. आला. माझी शेवटची सुपारी २००५ सालची. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालीच झाले आणि रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धकाला मनाई आली, हे योग्यच झाले. पण गंमत पाहा, डी.जे.ची गाडी धडधडते ती त्याच खर्जाने. लोकांना छातीत वाजणारा सूर हवाच आहे. तो वाजवणारा माणूस तेवढा नको. एका परीने प्रश्न सुटला म्हणायचा. वाजवणाऱ्याला मांडवात बसवावे की बाहेर, याचा विचार आता कोणाला करावा लागत नाही.

एवढे सगळे मुलाला तोंडाने सांगणे जमले नाही. पण यंदा खंडेनवमीला त्याच्या आईने विळा, कुदळ, वही मांडली, आणि मुलाने कोणी न सांगता खोक्यावरच्या गाद्या उतरविल्या. फडक्याने पुसून त्याने ते पूजेत ओढले. रुईला उंदीर लागले होते, पण स्पीकर शाबूत होता. नात म्हणाली, "आबा, हे वाजते?" मी बेस काढली, गंजलेली जाड तार पिळून सुरात आणली आणि एकदाच सोडली.

फळीवरच्या ताटवाट्या झणकारल्या. नातीने पोटावर हात ठेवला. मुलगा दारात उभा होता, तो म्हणाला, "बावा, रुई बदलून घेऊ. कापूस घरचाच हाये."